कल नव्हे, कळ

चि. इरा आणि चि. ओजस,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर इराने विचारलं, "आजी, इथल्या डॉक्टरांनी फॉर्म दिलाय. घरात कुणाला कोणते आजार झाले ते लिहायचंय. तुला काय झालं होतं?" मी उत्तर देणार तेवढ्यात तुमची आई म्हणाली, "काही नाही गं, आजीची तब्येत जरा बरी नव्हती." मी गप्प बसले. फोन ठेवल्यावर त्या गप्प बसण्याचा मला राग आला. म्हणून हे लिहिते आहे. इरा, फॉर्मवर लिही: आईची आई, स्तनाचा कॅन्सर, वय एकसष्ट. पुढचं फॉर्ममध्ये मावणार नाही. ते इथे आहे.

मी उभी होते. कमरेपर्यंत उघडी. एसी चालू होता. समोर खुर्चीत मोठे डॉक्टर, त्यांच्यामागे चार शिकाऊ डॉक्टर, आणि दाराशी माझी पर्स धरून तुमचे आबा. दार नीट लागलेलं नव्हतं. बाहेरच्या बाकावरची एक बाई मला दिसत होती, म्हणजे मीही तिला दिसत असणार.

"देखिए, कितना सुंदर रिज़ल्ट है," डॉक्टर मुलांना म्हणाले. बोलताना पेनाचं टोक माझ्या उजव्या बाजूवरून फिरवत होते. फळ्यावरून पट्टी फिरवावी तसं.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहब, इसमें अंदर से कळ आती है."

आयुष्यभर इंदुरात राहिले. हिंदी मला परकी नाही. पण दुखणं सांगताना शब्द आईच्या भाषेतलाच येतो. आतून चमकून जातं, जीव कळवळतो, त्याला हिंदीत काय म्हणतात ते तेव्हा सुचलं नाही. अजूनही नीट सुचत नाही.

डॉक्टर हसले. "कल आती है? तो माताजी, आज क्यों आ गईं? कल आतीं!"

चारही मुलं हसली. ते मी समजू शकते. पण आबाही हसले. त्यांना तो शब्द माहीत होता. साठ वर्षं तो शब्द त्यांच्या तोंडात आहे. त्यांनी एवढंच सांगायचं होतं, की ही कळ म्हणते आहे, कल नाही. ते पर्स धरून हसले.

आता मागचं सांगते. कॅन्सर झाला तेव्हा उजवा स्तन काढावा लागला. त्याच ऑपरेशनमध्ये तिथे सिलिकॉनचा इम्प्लांट बसवला. ते ठरलं कसं? हेच डॉक्टर आबांना म्हणाले, "भाईसाहब, चिंता मत कीजिए. पहले जैसा बना देंगे." आबांनी मान हलवली. मी दोघांच्या मधे बसले होते. माझ्यापुढे कागद आला. तीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं, आणि दर परीक्षेला सांगितलं, आधी वाचा, मग लिहा. मी न वाचता सही केली. ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

ज्या बायकांना इम्प्लांट हवा असतो, ज्यांना तो मानवतो, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी सकाळी बोटं वळेनाशी झाली. मग गुडघे, खांदे. डोळे कोरडे पडायचे. मानेवर पुरळ. केस फणीत येण्याऐवजी हातात यायचे. खजराण्याला गणपतीचं दर्शन घेऊन आले, की पुढचे दोन दिवस अंथरुणात. आणि शब्द हरवायला लागले. एकदा छत्रीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. मला! स्वयंपाकघरात उभी राहून मी पाच मिनिटं तो शब्द शोधत होते. सापडला तेव्हा रडले.

मी सगळं वहीत लिहून ठेवत होते. तारीख, काय दुखलं, किती वेळ. ती वही डॉक्टरांना दिली. त्यांनी पानं अंगठ्याने फर्रकन सोडली आणि म्हणाले, "वाह, माताजी ने तो थीसिस लिखी है." मग आबांना म्हणाले, "रिपोर्ट सब नॉर्मल हैं, भाईसाहब. इस उम्र में वहम हो जाता है. इन्हें भजन-वजन में लगाइए."

माझ्या जाऊबाईंनी तर घरी येऊन विचारलं, "या वयात ते बसवून घ्यायची हौस तरी कशाला होती बाई? आम्ही तर सगळं सोडून दिलं." मी चहा ओतत होते. तो ओतत राहिले.

तर तो "कल"वाला दिवस. घरी आल्यावर केसपेपर फाइलला लावायला घेतला. माझी सवय तुम्हाला माहीत आहे, कागद वाचल्याशिवाय मी फाइलला लावत नाही. एका सहीपुरती ती सवय सुटली होती, आता नाही. शिकाऊ डॉक्टरने इंग्रजीत लिहिलं होतं: तक्रार अस्पष्ट. पेशंटला आज-उद्याचं भान नाही. खाली मनोविकाराच्या डॉक्टरांकडे पाठवण्याची चिठ्ठी आणि झोपेच्या गोळ्या.

मी ते तीनदा वाचलं.

माझी कळ त्यांनी कल ऐकली, आणि त्या कलवरून मला वेडी ठरवलं. आणि जो माणूस एका शब्दात हे थांबवू शकत होता, तो शेजारच्या खोलीत क्रिकेट बघत होता.

मी कागद त्यांच्यापुढे धरला. ते म्हणाले, "अगं, एवढे मोठे डॉक्टर आहेत. चेष्टा केली असेल. तू पण ना."

"तुम्ही का हसलात?"

"सगळे हसले म्हणून."

हे उत्तर मी विसरलेले नाही. खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

आठ दिवसांनी पुन्हा गेले. त्या डॉक्टरांनी मला पुन्हा उभं केलं. या वेळी म्हणाले, "फोटो ले लो, प्रेज़ेंटेशन में काम आएगा." एका मुलाने मोबाइल काढला.

"फोटो नहीं," मी म्हटलं.

"चेहरा नहीं आएगा, माताजी."

"इसीलिए नहीं."

मी पदर घेतला. ब्लाउजची बटणं लावली. पाचही, सावकाश.  मग डॉक्टर आबांकडे वळून म्हणाले, "भाईसाहब, इन्हें समझाइए." तेव्हा मी इंग्रजीत बोलले. पेशंट मी आहे, माझ्याशी बोला. तुमच्या केसपेपरवर जे लिहिलंय ते चूक आहे, मी काय म्हटलं होतं ते सांगते, दुरुस्त करा. आणि हा इम्प्लांट मला काढायचा आहे.

इंग्रजी ऐकल्याबरोबर मला खुर्ची मिळाली. माताजीची मॅडम झाले. "मैडम, आप बैठिए ना." तीच मी, तीच छाती, तीच कळ. आबा उभेच होते. त्यांना मी बसा म्हटलं नाही.

बाहेर बाकावर इंदूरजवळच्या देपालपूरची एक बाई होती. माझ्यानंतर तिचा नंबर होता. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिला खुर्ची मिळाली का, दार लागलं का, मी थांबून पाहिलं नाही. मी माझी फाइल छातीशी धरून ताठ मानेने निघून आले. त्या ताठ मानेची मला आज लाज वाटते.

त्या डॉक्टरांनी इम्प्लांट काढायला नकार दिला. "इतना अच्छा रिज़ल्ट कोई बिगाड़ता है?" मी दुसरीकडे गेले. तिथे एक बाई डॉक्टर होत्या, तरुण. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. मग म्हणाल्या, "बरेच आजार असे दिसतात. आधी बाकीच्या तपासण्या करू. काही बायका हा त्रास इम्प्लांटमुळे होतो असं सांगतात. काढल्यावर काहींना बरं वाटतं, काहींना नाही. मी गॅरंटी देणार नाही. ठरवायचं तुम्ही." त्या नागपूरच्या होत्या. मी कळ म्हटलं तेव्हा त्यांनी कुठे, किती वेळ, एवढंच विचारलं.

तपासण्यांत दुसरं काही सापडलं नाही. मी ठरवलं. कागद चार पानी होता. चारही वाचली, दोन प्रश्न विचारले, मग सही केली. आबा म्हणाले, "एकदा पोरीला विचारू या का?" मी म्हटलं, "कळवू या. विचारायचं नाही."

इम्प्लांट निघाला. त्या जागी दुसरं काही बसवलं नाही. आबांनी हळूच सुचवलं की आत घालायचे पॅड मिळतात, लग्नकार्यात बरं दिसतं. मी शिंप्याकडून सगळे ब्लाउज एका बाजूने सपाट शिवून घेतले. जाऊबाईंच्या नातवाच्या मुंजीला तसाच घालून गेले. त्यांनी पाहिलं. पाहू दिलं.

आता मी मंगळवारी त्या बाई डॉक्टरांच्या दवाखान्यात जाते. गौतमपुरा, देपालपूर, कुठून कुठून बायका येतात. ज्यांना सोबत हवी असते त्यांच्याबरोबर आत जाते. कागद वाचून दाखवते. नवरा उत्तर द्यायला लागला की त्याला इंदुरी थाटात भाऊ म्हणून सांगते, "भिया, आप रुको. इनसे पूछा है." काहींना राग येतो. येऊ दे.

सगळं बरं झालं असं लिहिणार नाही. पुरळ गेलं. शब्द पुष्कळसे परत आले. थकवा निम्मा गेला, निम्मा आहे. डोळे कोरडेच आहेत. हे सगळं इम्प्लांटमुळेच होतं का, ते मला ठामपणे सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. मला वहम होता, असं मात्र आता कुणाला म्हणू देणार नाही.

डावा स्तन आहे. उजवीकडे आडवा व्रण आहे. कॅन्सर परत आलेला नाही. माझ्या अंगाबद्दल माझ्यासमोर कुणी तिसऱ्याशी बोलायला लागलं, तर मी थांबवते. आबांनासुद्धा.

तुमची आजी