पुतळ्याचं तोंड बाजाराकडे

शेजारी घराचं बांधकाम चालू आहे. सिमेंटवर टाकलेल्या ओल्या गोणपाटाचा वास आला, आणि मी पन्नास वर्षांपूर्वीच्या कर्जतच्या चौकात पोचले.

माझे बाबा कडावचे गवंडी. कर्जतच्या एका दिवंगत पुढाऱ्यांच्या पुतळ्याचा चौथरा त्यांनी त्या चौकात बांधला होता. मी तेव्हा बी.ए.ला होते. दुपारी त्यांचं जेवण घेऊन गेले, तर कमिटीचे अध्यक्ष ओरडत होते, "अरे, साहेबांची पाठ स्टेशनाकडं? पाहुण्यांनी काय पाठीला हार घालायचा?"

बाबांनी तुळशीवृंदावनं बांधायच्या सवयीनं नावाची फरशी पूर्वेच्या बाजूला बसवली होती, म्हणजे पुतळ्याचं तोंडही तिकडेच येणार होतं. "देवाचं तोंड उगवतीला असतं, म्हनून मी तसंच धरलं," ते पुटपुटले.

"फोडा आणि पुन्हा बांधा!"

उद्घाटन परवावर आलं होतं.

पुढाऱ्यांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या काकी, जागा बघायला आल्या होत्या. त्यांनी पूर्वेला नजर टाकली. तिकडे भाजीबाजार भरला होता.

"राहू दे रं तसंच," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "हे स्टेशनावर कधी कुनाला घ्यायला गेलेत का? उठले की बाजारात. जेवायला बोलवायला मला तिकडंच मानूस धाडावं लागायचं."

अध्यक्षांनाही हसू आलं. बाबा चौथऱ्याला टेकून जेवायला बसले.

तेव्हा बांधकाम वाचलं, एवढ्यानंच मला हायसं वाटलं होतं. आता कळतं, काकींनी बाबांची चूक आपल्या नवऱ्याची सवय करून टाकली. स्टेशनावरून येणारे पाहुणे अजूनही वळसा घालून समोर जातात, आणि मगच हार घालतात.