नऊ रविवारांचं आमेन

प्रमोदिनी वाघचौरे यांना भिवपुरीत कुणी नावानं हाक मारत नाही. कडावकडच्या गावांत एकोणतीस वर्षं आरोग्यसेविका होत्या, त्यामुळे निवृत्त झाल्या तरी त्या ‘सिस्टर’च. एकोणतीस वर्षं पायपीट करून लोकांच्या पोरांना सुया टोचल्या, आणि बक्षीस म्हणून की काय, दोन्ही गुडघे कामातून गेले. नवरा पॉवर हाऊसमध्ये होता, तो जाऊन सात वर्षं झाली. मुलगा अनुपम पुण्यात. घरात त्या, एक टीव्ही आणि गुडघ्यांना चोळायचं तेल.

कर्जतची त्यांची मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे उणीपुरी तीस घरं. पत्र्याचं लहानसं चर्च, आणि पाळकसाहेब दर रविवारी पनवेलहून येणार. लॉकडाऊनमध्ये उपासना मोबाईलवर सुरू झाली आणि नंतरही तशीच राहिली. म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय म्हणून ठेवली होती, पण बघता बघता धडधाकट माणसंही त्या सोयीला चटावली. उपासना झाली की ग्रुपवर ‘आमेन’ लिहायचं. ज्याचं आमेन आलं तो हजर. संध्याकाळी पाळकसाहेब नावांची यादी टाकत आणि खाली लिहीत, ‘देवाची स्तुती असो, आज सव्वीस कुटुंबं हजर.’ चर्चच्या बाकांवर त्या दिवशी दहाबारा डोकी बसलेली असत, त्याबद्दल कुणी काही लिहीत नसे.

सिस्टर बरेच दिवस हट्टानं जात राहिल्या. शेअर रिक्षात चढायचं, उतरायचं, मग चर्चच्या पाच पायऱ्या. घरी आल्यावर सोमवारपर्यंत पाय उचलवत नसे. ‘आई, कशाला जीव काढतेस? देव काय फक्त कर्जतलाच राहतो का?’ अनुपम म्हणाला. एका रविवारी त्या घरीच राहिल्या. मग दुसऱ्या. खरं सांगायचं तर बरं वाटलं. सहाव्या रविवारी तर प्रवचन चालू असताना त्यांचा डोळाच लागला. जाग आली तेव्हा मोबाईल गप्प होता. त्यांनी चष्मा शोधला, आमेन लिहिलं आणि भाताचा कुकर लावला. संध्याकाळी यादीत नाव होतं. जराशी शरम वाटली, पण जराशीच.

त्याच आठवड्यात गुडघ्याच्या गोळ्या आणायला त्या कर्जतच्या बाजारात गेल्या. औषधाच्या दुकानात छाया दिसली, वाल्मिकराव साबळ्यांची सून. वाल्मिकराव रेल्वेतून निवृत्त झालेले, चर्चमध्ये सिस्टरांच्या मागच्याच बाकावर बसून पत्रा हादरेल अशा आवाजात गाणारे. छायाच्या केसांना दोन दिवस फणी लागली नसावी. हातात मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट होतं.

“कुणासाठी गं?”

“पप्पांसाठी. लकव्याचा झटका आला ना. दोन महिने झाले, पडूनच हायेत.”

“दोन महिने? अगं, परवाच्या रविवारी त्यांचं आमेन होतं!”

“ते मीच टाकते, सिस्टर. फोन माझ्याकडंच असतो.” छायाच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती, नुसता थकवा होता. “नाय टाकलं तर समदे फोन करून विचारत बसतील. मला सांगत बसायला येळ कुठाय? हे पहाटे टेंपो घेऊन जातात ते अंधार पडल्यावर येतात. उचलायचं मी, धुवायचं मी.”

सिस्टरांना आधी संताप आला. मग आपला कुकर आठवला आणि तो कुठल्या कुठे गेला. त्या तशाच छायाबरोबर तिच्या घरी गेल्या.

वाल्मिकराव खाटेवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मेलेला. सवयीनं सिस्टरांनी डाव्या हाताची नाडी धरली. ते एकेक शब्द ओढून काढत म्हणाले,

“सिस्टर... मंडळी रागावली का माज्यावर?”

“नाही हो. का रागावेल?”

“मंग कुनीच... कसं नाय आलं? नऊ रयवार झाले. मी मोजतोय.”

सिस्टरांनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. कुणाला माहीतच नव्हतं, हे सांगता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण त्या नऊपैकी पहिले तीन रविवार त्या स्वतः चर्चमध्ये होत्या. मागचं बाक रिकामं होतं. म्हातारा मोबाईलवर बसला असेल, असं त्यांना वाटलं होतं, आणि कानांना आराम मिळाला म्हणून बरंही वाटलं होतं. चर्चमधल्यांना वाटलं तो घरी आहे, मोबाईलवर बसलेल्यांनी त्याचं आमेन वाचलं. आणि उद्या आपण न्हाणीघरात पडलो तर? आमेन नाही आलं, तर नेट गेलं असेल म्हणतील.

रविवारी सकाळी अनुपमचा फोन आला. चर्चला निघालेय, म्हणाल्या.

“आई, गुडघे?”

“गुडघे घेऊनच जातेय.”

चर्चमध्ये अकरा माणसं होती. प्रार्थनेचे विषय आहेत का, असं पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा सिस्टर बाकाला धरून उभ्या राहिल्या.

“वाल्मिकराव दहा रविवार अंथरुणाला खिळलेत. त्यांना वाटतंय, आपण त्यांच्यावर रागावलोय. मीही सहा रविवार आले नव्हते, मला बघायला कुणी आलं नाही. मी कुणाला दोष देत नाही, मी तरी कुठे कुणाकडे गेले?”

पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले.

“इथं नको, साहेब,” सिस्टर म्हणाल्या. “तिथं जाऊन करू.”

उपासना आटोपून अकराच्या अकरा जण साबळ्यांकडे गेले. खोलीत मावेनात, तेव्हा चौघं ओट्यावर बसले. वाल्मिकराव एकेकाचं तोंड बघत डाव्या हातानं डोळे पुसत राहिले. छाया चहाला कप पुरतील का म्हणून घाबरीघुबरी झाली होती. सिस्टरांनी तिला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं.

“पड जरा. आम्ही आहोत.”

“पाचच मिनिटं हां, सिस्टर,” छाया म्हणाली.

तिला जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. कप धुऊन पालथे घातलेले होते, आणि पप्पांच्या उशाशी अजून कुणीतरी बसलेलं होतं.