अहमदाबादचा समुद्र

माझ्या आयुष्यातला पहिला विमानप्रवास मुंबईपासून मुंबईपर्यंत झाला.

साठ सालानंतरची गोष्ट. एका विमान कंपनीनं देशातल्या देशात छोटं जेट सुरू केलं आणि त्याच उन्हाळ्यात माझ्या मेहुण्याचा साखरपुडा अहमदाबादला ठरला. लोणखेड्याचे माझे सासरे पाहुणेमंडळी घेऊन सुरतमार्गे आगगाडीनं निघणार होते. मी म्हसावदचा केळी लावणारा माणूस, पण इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालेला! धूर खात जाणाऱ्यांची मला कीव आली. मी जाहीर केलं, की मी आणि माझी बायको शांता जेटनं येऊ. नवरीची साडी आणि अंगठीही आमच्याकडेच द्या, जेटमध्ये घडी मोडत नाही. (त्यासाठी आम्ही सुरतेला अहमदाबादकडे पाठ फिरवून आधी मुंबई गाठली. हुशार माणसाला असला वळसा दिसत नाही.)

जेट उडालं. खाली कुठे आगगाडी रांगताना दिसते का, हे मी तुच्छतेनं शोधत होतो. तेवढ्यात हवाई सुंदरी इंग्रजीत काही बोलली. मला त्यातला 'अहमदाबाद' एवढाच शब्द कळला आणि मी जाणकारासारखी मान हलवली. ती सांगत होती, की अहमदाबादला धुळीचं वादळ आहे, म्हणून आपण मुंबईला परत चाललो आहोत.

उतरल्यावर शांता थबकली. "आहो, सकायनी हाईच इमारत व्हती ना?"

"सरकारी इमारती सगळ्या एकाच नकाशाच्या असतात," मी म्हणालो.

बाकीचे प्रवासी बाकांवर बसून राहिले. यांना न्यायला कोणी आलेलं दिसत नाही, बिचारे, असं म्हणत मी हातातली बॅग घेऊन ऐटीत बाहेर पडलो. टॅक्सीवाला गुजराती निघाला, तेव्हा तर मला नसलेली शंकाही फिटली. व्याह्यांचं घर मणिनगरला, स्टेशनजवळ होतं, म्हणून मी त्याला स्टेशनकडे घ्यायला सांगितलं.

वाटेत उजव्या हाताला अफाट पाणी दिसलं.

"साबरमती," मी शांताला दाखवलं.

"वैशाखमा इतलं पानी?"

"शहरातल्या नद्यांना धरणातून पाणी सोडतात."

तिनं खिडकीतून पलीकडचा काठ शोधला. मग शांतपणे म्हणाली, "नदीले दुसरा काठ दिखस. हाई समुद्र शे. अहमदाबादले समुद्र कवय उना?"

अहमदाबादला समुद्र कधी आला, असं विचारणाऱ्या बायकोचं अज्ञान दूर करावं म्हणून मी टॅक्सीवाल्याला विचारलं, मणिनगर अजून किती लांब?

त्यानं गाडी बाजूला घेतली, वळून माझ्याकडे नीट पाहिलं. "मणिनगर तो अमदावादमां छे, साहेब. टॅक्सीमां जवुं छे?"

वादळ ओसरल्यावर ते बाकांवरचे 'बिचारे' दुसऱ्या जेटनं संध्याकाळीच पोचले. आम्ही आगगाडीच्या दारात उभं राहून दुसऱ्या दिवशी पोचलो. साखरपुडा उरकला होता. सासूबाईंनी बोटातली अंगठी काढून दिली होती आणि नवरीनं आपल्याच मावशीची साडी नेसली होती.

सासरे मला एका शब्दानं रागावले नाहीत. सगळ्या व्याह्यांसमोर एवढंच म्हणाले, "जावईबापू, इमान ब्येस शे. जठून उचलस, तठेच आनी सोडस. आमनी गाडीनं आमले उगाच अहमदाबादले आनं."

लग्नाला मी त्यांच्याबरोबर आगगाडीनंच गेलो. त्यांनी मला मुद्दाम खिडकीशी बसवलं आणि नंदुरबारपासून प्रत्येक स्टेशनाचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. डब्यातल्या लोकांना वाटलं, जावई आंधळा आहे. शांतानं कोणाचाही गैरसमज दूर केला नाही.