रमाकांतने वाचवलेली वीस मिनिटं

आमचं शेवटचं बोलणं फोनवर झालं, आणि त्यात मी त्याच्याशी खोटं बोललो. नवरात्र चालू होतं. दुपारी रमाकांतचा फोन आला. "दिल्या, संध्याकाळी टेंभी नाक्यावर ये. देवीला जाऊ, मग घरी जेवायला चल. नवरात्रात आमच्याकडेपण मासे नसतात, तुला नाक मुरडायला चान्स नाय." माझ्यासमोर पडद्यावर अर्धवट प्रोग्राम होता. मी म्हणालो, "नको रे, आज लवकर घरी जायचंय. मुग्धा वाट बघते." तो एकदम खूश झाला. "मग राहू दे. तू पोरीकडेच जा. देवी कुठे पळून जात नाय." फोन ठेवून मी पुन्हा कामाला लागलो आणि रात्री डोंबिवलीला घरी पोचलो तेव्हा माझी मुलगी नेहमीप्रमाणे झोपलेली होती. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला. झोपेतच गेला होता... हार्ट अटॅक. चाळिशी नुकतीच ओलांडली होती त्याने.

ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघं एकाच टेबलावर बसायचो. तेव्हा संगणक म्हटलं की लोकांना पगाराची बिलं आठवायची. आमचं काम त्याच्या खालच्या थरातलं. कापड रंगवणाऱ्या यंत्राच्या पोटात एक प्रोसेसर बसवलेला असे, आणि पाणी किती तापवायचं, वाफ कधी बंद करायची, हे त्याला त्याच्याच भाषेत, एकेक बारीक आज्ञा देऊन शिकवायचं. एका आज्ञेवरून दुसरीवर जायची एक उडी चुकीच्या जागी पडली की वाफ बंदच व्हायची नाही आणि अख्खा ताग्यांचा ढीग वाया जायचा. प्रोग्राम एका चिपवर लिहिला जाई. त्या चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असे. चूक सापडली की चिप उपटायची, पत्र्याच्या पेटीत जांभळ्या दिव्याखाली ठेवायची, आणि वीसेक मिनिटांनी ती कोरी झाली की पुन्हा लिहायची. चूक एका अक्षराची असली तरी वीस मिनिटं ठरलेली, आणि अशा खेपा करता करता रोज रात्र व्हायची.

ती वीस मिनिटं आम्ही मागच्या जिन्यावर काढायचो. रमाकांत चेंदणी कोळीवाड्यातला, घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या. इंजिनिअर झालेला हा पहिलाच. त्याच्या डब्यात बोंबलाची चटणी असायची आणि मी दोन पायऱ्या वर सरकून बसायचो. "ए भटा, वासाने बाटत नाय कोणी," असं म्हणून तो डबा मुद्दाम माझ्याकडे ढकलायचा. पुढची चूक कुठे असेल याचा विचारही तिथेच व्हायचा, त्यामुळे परत जाईपर्यंत अर्धं उत्तर तयार असायचं. मुग्धा तेव्हा दोन वर्षांची होती. एकदा बोलता बोलता मी म्हणालो, की रविवारी मी उचललं की ती रडते, अनोळखी माणूस वाटतो तिला. रमाकांत त्यावर हसला नाही. म्हणाला, "हे बरोबर नाय, दिल्या. या दिव्याचं काहीतरी केलं पाहिजे."

पुढचे दोन-अडीच महिने तो घरी जाऊन वडिलांच्या जाळ्यांशेजारी टेबल टाकून बसायचा. मग एके सकाळी त्याने पिशवीतून एक पट्टीसारखी रुंद वायर काढली. तिचं एक टोक चिपच्या जागी यंत्रात बसे, दुसरं त्याने बनवलेल्या कार्डात, आणि कार्ड आमच्या संगणकाला जोडलेलं. यंत्राला वाटे चिपच बसली आहे. आम्ही इकडे अक्षर बदललं की तिकडे अर्ध्या मिनिटात बदललेला प्रोग्राम चालू! आम्ही सगळे वेडे झालो. साहेबांनी पेढे आणले. रमाकांत मला बाजूला घेऊन म्हणाला, "आता संध्याकाळी साडेपाचला टेबलावरून उठायचं. पोरगी जागी असताना घरी."

पहिला आठवडा मी उठलोही. मग लक्षात आलं, की अर्ध्या मिनिटात उत्तर मिळत असेल तर आणखी एकदा करून बघायला काय हरकत आहे... आणि मग आणखी एकदा. दिवा होता तोवर तो मला सक्तीने उठवत होता. आता उठवणारं कोणी नव्हतं. कामं वाढली, साहेब खूश झाले, मला बढती मिळाली. जिन्यावर मी जाईनासा झालो. रमाकांत काही दिवस एकटाच डबा घेऊन बसत होता. वर्षभराने तो शेजारच्या गल्लीतल्या कंपनीत गेला. वायर माझ्यासाठी ठेवून गेला. अधूनमधून फोन करायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काल पोचलास का पोरगी झोपायच्या आत?" पहिल्यांदा मी हो म्हणालो ते त्याला वाईट वाटू नये म्हणून. नंतर सवय झाली. पाच वर्षं मी हो म्हणत राहिलो.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी रमाकांतच्या घरी सुमनवहिनींना भेटायला गेलो. त्या त्याच्या टेबलावरची धूळ पुसत होत्या. सोल्डरिंगची बंदूक, चिमटे, सगळं जागच्या जागी. मी काही बोलायच्या आत त्याच बोलायला लागल्या. "भावोजी, त्या दिवशी हे एकटेच जाऊन आले देवीला. मी म्हटलं, भावोजी कुठायत? तर काय खुशीत होते! म्हणाले, दिलीप लवकर घरी गेला. मी आयुष्यात पुष्कळ वायरी जोडल्या, पण ही एक खरी कामाला आली." थांबून त्यांनी पदराने डोळे टिपले. "अजून जाता ना वेळेवर?"

त्यांना खरं सांगायचं असं ठरवूनच मी आलो होतो. मी हो म्हणालो. एवढा लाजिरवाणा शब्द मी आयुष्यात उच्चारला नसेल.

"मग बसू नका. निघा," त्या म्हणाल्या. "तिची झोपायची वेळ होईल."

ऑफिसात परत जाणार होतो, तो स्टेशनवर गेलो. दार मुग्धाने उघडलं. हातात पेन्सिल, आठ वर्षांची, माझ्या छातीपर्यंत आलेली. मला पाहून ती आनंदली नाही. घाबरली. आत वळून तिने हाक मारली, "आई, बाबा आलेत... काय झालं?"