सरकीच्या पोत्यांवर बांधलेली रोमन कमान

मुंबईला आमच्या कालेजात रोमन लोकांच्या इमारतींच्या चित्रांचे एक जाड पुस्तक होते. देवळांचे खांब, घुमट, वीरांचे पुतळे मी पाहत असे, पण परत परत उघडायचो ते पाण्याच्या पुलाचे पान. कमानींवर कमानी, आणि खाली लिहिलेले की दगडांत चुना नाही. पाचरीसारखे घडवलेले दगड एकमेकांवर रेलतात आणि कोणी कोणाला पडू देत नाही. ते वाचून मला का कोण जाणे, फार आनंद झाला. मी चित्र उतरवून घेतले.

सुटीत मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावी आलो. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता, आणि बाबांना वाटे की मी आता घरीच राहावे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीसुद्धा धरली नव्हती. त्यातच नाल्यावरचा लाकडी साकव मोडला. अमरावतीच्या बाजाराची वाट तिथूनच जाई. गावाने अकोल्याहून गवंडी आणले, काळा दगड फोडला, पण चुना येईना. सगळे गाडीवाले कापूस वाहत होते.

मी चाचरत माझे चित्र पुढे केले. "चुन्याबिगर होते... म्हंजे, तिकडं झालं हाय."

गवंडीचाचा हसले. "भैया, चुना नसन तं दगड का एकमेकाइले मिठ्या मारतीन?"

"मिठ्या नाही, चाचा. ढकलतीन. म्हणून तं पडत नाहीत."

चाचा चित्र उलटसुलट करून पाहत राहिले. बाबा म्हणाले, "पूल उभा राह्यला तं मुंबईले जाय. पडला तं घरीच राह्य, कापूस पाह्य."

कमान चढेपर्यंत खालून आधार हवा होता, पण लाकूड मिळेना. कापसातून काढलेल्या सरकीचे मात्र गावात ढीग पडले होते. ती आम्ही पोत्यांत ठासून भरली, कोरड्या नाल्यात पोत्यांचे थर रचले आणि वर माती थापून अर्धगोल केला. मी सुतळीने गोलाई आखून दिली. चाचांनी एकेक दगड पाचरीसारखा घडवला आणि दोन्ही काठांवरून सारखे चढत शेवटचा दगड माथ्यावर ठोकून बसवला.

आता पोती काढायची होती. बाबांनी दवंडी दिली की सरकी ज्याने त्याने आपल्या जनावरांसाठी न्यावी. अर्धे गाव टोपल्या घेऊन धावले, आणि धावले ते गावाकडच्याच काठाला! शेजारच्या काकू सगळ्यांत पुढे. बघता बघता एका बाजूची पोती रिकामी झाली. दगड करकरला, माती झडली.

चारचौघांत माझा आवाज कधी निघत नसे. तेव्हा मात्र ओरडलो, "थांबा! काकू, हात काढा! निम्मे पल्याड जा!"

"काहून रे? पल्याडची सरकी गोड हाय का?"

"गोड नाही, काकू! कमान इकडंच झुकून राहिली!"

लोक हसले. हलले कोणीच नाही. मग बाबांनीच टोपली उचलली आणि कोरडा नाला ओलांडून पलीकडे गेले. त्यांच्यामागे बाकीचे गेले. मी हात वर केला की दोन्हीकडून एकेक पोते ओढायचे, असे ठरले. एवढी मोठी माणसे माझ्या हाताकडे पाहत आहेत, हे मला खरेच वाटत नव्हते. शेवटची पोती निघाली तशी कमान बोटभर खाली बसली, कड् असा आवाज झाला, आणि ती थांबली. कमानीखालून पलीकडच्या काठाशी उभे असलेले बाबा दिसले. चाचांनी मला उचलूनच घेतले. "भैया, मारली ना मिठी!"

वर मुरूम पडल्यावर पहिली गाडी बाबांनीच घातली. कापसाने शिगोशीग भरलेली गाडी त्यांनी नेमकी मधोमध उभी केली, खाली उडी मारली आणि टाच आपटत सगळ्या गावाला ओरडून सांगितले, "चुन्याचा थेंब नाही! माह्या पोरानं आणली रोमहून!"

मागून कोणी ओरडले, "भाऊ, गाडी तं काढा! आमाले बी जाऊ द्या!"

पण बाबांना घाई नव्हती. त्यांनी मला हाताला धरून कापसावर चढवले. मी कासऱ्याकडे हात नेला, तर तो त्यांनी बाजूला केला.

"तू बस वर," ते म्हणाले. "मी हाकतो."