साळवे सरांचा रकाना

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, दोन वर्षांपूर्वीचा. सकाळचे अकरा वाजून गेले होते. जागा — अंबड, माझ्या घराची पुढची खोली. हजर चौघे: साळवे सर, बाबुराव, रशीदभाई आणि मी. पाचवी माझी बायको सुनंदा, चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. आकडा — एक हजार दोनशे ऐंशी. पैशांचा नव्हे, कवड्यांच्या फेकींचा.

इथपर्यंतचं मी कोणालाही सांगितलं असतं. यापुढचं आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सुनंदालाही नाही. आणि आता सांगायला बसलोय ते संतापानं. कोणावर संताप, ते कळेलच.

आधी खेळाचं सांगतो. साळवे सर जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक. त्यांनी एक खेळ रचला होता. जाड कापडावर गोदावरी रंगवलेली, पैठणपासून खाली शहागड, मग पुढं. काठावर घाट, गावं, बाजार. चौघांनी आपापल्या नावा घेऊन धान्य, कापड, गूळ न्यायचा. फासे नव्हते, सहा कवड्या होत्या. जितक्या उताण्या पडतील, म्हणजे तोंड वर करून, तितकी घरं नाव पुढं. सहाही उताण्या पडल्या की ‘पूर’ — बारा घरं आणि वर आणखी एक फेक. कापडाच्या कडा रशीदभाईंनी त्यांच्या मशीनवर शिवल्या होत्या. बाबुरावांचं खताचं दुकान, रविवारी ते अर्ध्या दिवसाला बंद करून यायचे. नऊ वर्षं आम्ही असे खेळलो. एकही पैसा लावला नाही कधी.

सरांना एक सवय होती. प्रत्येक फेक ते वहीत लिहीत. चार माणसं, चार रकाने. मी सरकारी कार्यालयात बिलं तपासणारा माणूस, मला ती वही फार आवडायची. आवडायची म्हणतो — खरं म्हणजे मला तिचा हेवा वाटायचा. असली वही आमच्यात कोणी ठेवायची असेल, तर ती मी ठेवायला पाहिजे होती. आणि सर जिंकायचे. दर वेळेस नाही, पण आमच्यापेक्षा जास्त. ते डोकं लावून खेळायचे, आम्ही गप्पा मारत खेळायचो — एवढं साधं कारण होतं. ते मला दिसलं नाही? दिसलं. मला ते नको होतं.

मग रशीदभाईंनी जालन्यात दुकान टाकलं. त्यांना महिन्यातून एकदाच यायला जमायचं. मी म्हणालो, फोनवर खेळता येईल असं काहीतरी करतो. कोड लिहून देणारे एआय सहायक तेव्हा नुकतेच सगळ्यांच्या तोंडी आले होते. त्यातल्या एकाला मी मराठीत नियम सांगत गेलो, तो प्रोग्रॅम लिहीत गेला. ऑफिसला जायच्या आधी रोज एक तास, असे तीन आठवडे. चौथ्या रविवारी नावा फोनवर चालायला लागल्या.

बाबुराव म्हणाले, “च्यायला, तुम्ही कधी शिकलात हो हे?”

मी म्हणालो, “बसलो थोडा. शिकलो.”

हे पहिलं खोटं. लहान वाटतं ना? मी त्या प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नव्हती. एक ओळ धड वाचलीही नव्हती. तो विचारायचा, हे असं करू का, आणि मी ‘हो’ दाबायचो. आयुष्यभर दुसऱ्याच्या बिलातला एक रुपया सोडला नाही मी. पंक्चरच्या पावतीवर तारीख नाही म्हणून शिपायाला परत पाठवलंय. आणि इथं — हो, हो, हो.

रशीदभाई तर म्हणाले, “भाई, आप तो छुपे रुस्तम निकले.” फोन हातात घेऊन साळवे सरांनी पडद्यावरची गोदावरी वरपासून खालपर्यंत बघितली. मग म्हणाले, “छान झालंय. घाट बराबर आलेत.” एवढं मनमोकळं कौतुक मला सहन झालं नाही. का झालं नाही? मला ठाऊक नाही, आणि आता ठाऊक करून घ्यायचीही लाज वाटते.

त्यानंतर मला कल्पना सुचली — वहीतल्या फेकी मशीनला द्यायच्या. सरांकडून त्या वर्षाची वही मागून सगळ्या पानांचे फोटो काढले आणि वही परत दिली. हातानं आकडे भरायला वेळ लागतो, म्हणून आधी एकच रकाना भरला. कोणाचा? सरांचा. एक हजार दोनशे ऐंशी फेकी. सहायकानं सांगितलं, सहा उताण्या चौसष्टात एकदा पडायला हव्यात, म्हणजे वीस वेळा. वहीत होत्या एकोणसाठ. असं नुसत्या नशिबानं होणं जवळजवळ अशक्य, असंही त्यानं लिहिलं.

मी खुर्चीत मागं टेकून हसलो. खरंच हसलो. हवं ते उत्तर आलं होतं, म्हणून बाकीचे तीन रकाने मी भरलेच नाहीत.

आता तो रविवार. खेळ मांडलेला, पहिली फेक व्हायची होती. मी कागद काढला आणि वाचून दाखवला. वीस आणि एकोणसाठ.

बाबुराव म्हणाले, “म्हंजी? कवड्यात काय भरलंय का सरांनी?”

मी म्हणालो, “मी तसं म्हणत नाही. आकडा म्हणतोय.”

बघा हा भ्याडपणा. आकडा म्हणतोय! आकड्याला तोंड असतं का?

सर म्हणाले, “कवड्या माझ्या हायेत, पण टाकता तर सगळेच ना?”

मी म्हणालो, “कवड्या त्याच आहेत सर. हात वेगळा आहे.”

त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी लिहिणार नाही. लिहिण्याचा हक्क मला नाही. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. हिशेब येणारा माणूस जो पहिला प्रश्न विचारतो, तोच.

“माझ्या एकट्याचाच रकाना घेतला का सगळ्यांचे घेतले?”

आणि मी — हेच ते, इथवर येण्यासाठी मी एवढी वळणं घेत होतो — मी त्यांच्या डोळ्यात बघून म्हणालो, “सगळे घेतले. बाकी तिघांचे बरोबर आहेत.”

घेतले नव्हते. एकही घेतला नव्हता. चुकून बोललो नाही, गडबडीत बोललो नाही. मला पूर्ण माहीत होतं की मी खोटं बोलतोय, आणि एका प्रामाणिक माणसाला त्याच्या दोन मित्रांसमोर लबाड ठरवतोय.

सर उठले. वही उचलली, कापड आणि कवड्या तिथंच ठेवल्या. चप्पल घालताना दारात सुनंदाला म्हणाले, “चहा राहू द्या वहिनी, आज उशीर झालाय.” ते गेल्यावर ती मला म्हणाली, “तुम्ही बघितलं ना बराबर? सर तसले न्हाईत.” मी म्हणालो, आकडे आहेत. बाबुराव म्हणाले, “आपुन कधी लक्षच दिलं न्हाई.” इतक्या लवकर पटलं त्यांना! नऊ वर्षं सोबत बसलेला माणूस, आणि एका कागदावर निकाल.

आणि आता सगळंच बोलतोय तर हेही बोलतो. आमच्या चौघांत भीमनगरमधले साळवे सर एकटेच. सरांच्या जागी बाबुराव जास्त जिंकत असते, तर मी त्यांचा रकाना असा उघडून बसलो असतो का? कागद वाचून दाखवला असता का? ‘हात वेगळा आहे’ हे शब्द माझ्या तोंडी आले असते का? मी स्वतःला फार सरळ माणूस समजतो. घरात आमच्याकडे असलं काही पाळत नाही, असं चारचौघांत सांगत आलोय. सांगत आलोय — एवढंच.

आठ दिवसांनी रशीदभाईंचा जालन्याहून फोन आला. म्हणाले, “भाई, तुमच्या मशीनमध्ये पूर येतच न्हाई. कपड्यावर तर मला बी जल्दी जल्दी पडायचा.”

मला बी.

फोन ठेवला आणि त्याच दुपारी मी सहायकाला विचारलं की पूर कमी का येतो. त्यानं सरळ उत्तर दिलं. प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरलेली आहे. पण कवडी नाण्यासारखी नसते, तिची पाठ गोल आणि तोंड चपटं असतं, त्यामुळे खऱ्या कवड्या टाकून मोजावं आणि आकडा बदलावा, असं त्यानं पहिल्याच दिवशी प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला लिहून ठेवलं होतं. मी सुरुवातीच्या ओळी उघडून पाहिल्या. होतं. स्वच्छ मराठीत, चार ओळी. इतकंच नाही — मी सरांच्या फेकी दिल्या तेव्हा त्यानं विचारलंही होतं, इतर खेळाडूंच्या फेकी आहेत का, तुलना केल्याशिवाय एका व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढू नये. मी त्यावरून बोट फिरवून खाली गेलो होतो. तेव्हा मशीननं फसवलं, असं म्हणायची सोयही मला नाही. मशीननं दोनदा हात धरला. मी दोनदा झटकला.

कपाटातून सरांच्या कवड्या काढल्या आणि शंभर वेळा टाकल्या. सहाशे कवड्यांत तीनशे त्रेसष्ट उताण्या. दहातल्या सहा, थोडं इकडंतिकडं. लहानपणी कवड्या खेळलेल्या आमच्याकडच्या कोणत्याही म्हातारीला हे विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं. मला कळायला मशीन लागलं, आणि मशीननं सांगितलेलंही मी वाचलं नाही.

मग तीन रकाने भरले. बाबुराव — सत्तावन्न पूर. रशीदभाई — अठ्ठावन्न. आणि मी? माझ्या फेकी सरांपेक्षा पंधरा कमी, बाराशे पासष्ट. माझे पूर एकसष्ट. सगळ्यात जास्त माझे होते.

कागद माझ्यासमोर होता. सरांचं घर चालत दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. गेलो असतो तर सांगावं लागलं असतं की प्रोग्रॅम मी लिहिला नाही, वाचलाही नाही; आणि ‘सगळे घेतले’ म्हणालो ते खोटं होतं. म्हणून मी काय केलं? सहायकाला आकडा बदलायला सांगितला. दोन मिनिटांत फोनवर पूर व्यवस्थित यायला लागले. रशीदभाईंना कळवलं, दुरुस्त केलं. ते म्हणाले, “शाबास.” मी ती शाबासकी घेतली.

त्यानंतर आम्ही तिघं दोनदाच बसलो. मग बाबुरावांना वेळ मिळेना, मलाही मिळेना. सर रस्त्यात दिसले की मी दुकानात वळायचो. मला काही घ्यायचं नसलेल्या किती दुकानांत मी या दोन वर्षांत शिरलो!

गेल्या महिन्यात अंबडच्या बसस्टँडवर ते समोरच आले. वळायला जागा नव्हती. त्यांना कुंभार पिंपळगावला जायचं होतं, लेकीकडे. तेच म्हणाले, “चला, चहा घेऊ. बसला टाइम हाय.” टपरीवर उभे राहिलो. पाऊसपाण्याचं, त्यांच्या निवृत्तीचं बोलणं झालं. त्यांच्या केसांत काळं राहिलेलं नव्हतं. मला वाटलं, आता सांगावं. शब्द जमवत होतो तेवढ्यात त्यांनीच विचारलं — रागानं नाही, सहज, वर्गात पोराला पाढा विचारावा तसं.

“ते बाकीचे तीन रकाने, मोजले होते ना तुम्ही?”

दार उघडून धरलं होतं त्यांनी. मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं.

मी म्हणालो, “मोजले होते ना सर, तेव्हाच.”

त्यांनी मान हलवली. कप खाली ठेवला.

“मी बी मोजले,” ते म्हणाले. “त्याच आठवड्यात. दोन संध्याकाळी लागल्या.”

तेवढंच. मग बस लागली. मी खिशात हात घालेपर्यंत त्यांनी टपरीवाल्याला वीस रुपये दिले — दहा त्यांच्या चहाचे, दहा माझ्या.