चाळीसचे आठ हजार

“चाळीसना आठ हजार व्हयनात, मनी पोर सांगस.” ओट्यावर बसलेले पप्पा शेजारच्या नानांना अहिराणीत सांगत होते. मी आत चहा गाळत होते. 

वाक्य माझंच होतं. सत्त्याण्णव साल. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. कॉलेजच्या वाचनालयात अमेरिकेच्या शेअर बाजारावरचा एक लेख वाचला होता. तिथे काही मोठ्या कंपन्यांच्या शेअरच्या भावांवरून रोज एक आकडा काढतात, त्याला डाऊ म्हणतात. सुरुवातीला तो चाळीसच्या आसपास होता, आता आठ हजारांवर गेला होता. जेवताना मी एवढंच सांगितलं. मधली शंभर वर्षं सांगितली नाहीत. पप्पा घास हातात धरून इतक्या कौतुकाने बघत होते, की पुढचं बोलायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणते, पण मीच राहू दिलं.

पप्पा आणि नाना एकाच लूम खात्यात, कापड विणायच्या कारखान्यात, कामाला होते, कित्येक वर्षं शेजारशेजारच्या मशीनवर. अलीकडे नानांना बारीक धागा दिसेना. तुटलेला धागा सांधायला वेळ लागे, कापड कमी निघे. शेठने त्यांचा हिशोब करून हातात दिला आणि त्यांच्या मशीनवर नवा माणूस आणला. महिनाअखेरीस शेठने पेढे वाटले. आपल्या खात्यातल्या कापडाचा आकडा कधी खाली येत नाही, असं म्हणाला. पप्पांनी आपला पेढा घरी आणला आणि कोणालाच खाऊ दिला नाही.

हिशोबाचे ते सगळे पैसे नाना एका दलालाकडे शेअरमध्ये घालायला निघाले होते. अमेरिका चढली की आपला बाजारही चढणार, असं दलालाचं म्हणणं. नानांचा दलालावर विश्वास नव्हता. माझ्यावर होता.

मी चहा घेऊन बाहेर आले. “या, मॅडम,” नाना म्हणाले. किती वर्षांत झाले आठ हजार, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत पप्पांनीच सांगून टाकलं, झाले असतील पाच-सात वर्षांत. मग नाना मला स्कूटी घेऊन देणार, असं दोघांचं ठरलं. मी हसले. बाकी काहीही मी स्वतःला माफ करीन, ते हसणं नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात तो अंक पुन्हा काढला. लेखाचं दुसरं पान मी वाचलंच नव्हतं. सुरुवातीच्या यादीत बारा कंपन्या होत्या. त्यांतली एकच अजून यादीत होती. काही बंद पडल्या, काही दुसऱ्यांत मिसळल्या, मागे पडलेल्यांना वगळून नव्या घेतल्या. यादी बदलत गेली, आकडा तोच पुढे चालू राहिला.

मला पेढा आठवला.

तीन दिवस मी गप्प राहिले. पप्पा रागावतील ही भीती नव्हती, ते कधी रागवत नसत. नानांसमोर त्यांची मान खाली जाईल, हे सहन होत नव्हतं. आणि नानांना समजेल असं एकच उदाहरण माझ्याकडे होतं, तेही त्यांचंच. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी नाना इस्त्रीचा शर्ट घालून, प्लास्टिकच्या पिशवीत बँकेचं पासबुक घेऊन आले. दलालाकडे पप्पांना सोबत न्यायचं होतं. पप्पा चपला घालत होते. मी दारात उभी राहिले. आधी मनात सगळं इंग्रजीत जुळवलं. त्याचा काही उपयोग नव्हता.

“नाना, चाळीसचे आठ हजार व्हायला शंभर वर्षं लागली. मी ते सांगितलं नाही, पप्पांची चूक नाही. आणि पहिल्या बारा कंपन्यांतली आता एकच उरलीय. जी मागे पडते तिला काढतात, तिच्या जागी दुसरी घेतात, म्हणून आकडा चांगला दिसतो. तुम्हाला काढलं ना, तसंच.”